मदत हवी आहे: जर्मन शेफर्ड रेस्क्यूचा पहिलाच स्टॉल, कुत्रीही सोबत न्यायची आहेत

शेपटीची_गोष्ट:
नमस्कार मंडळी. आमचा छोटा गट फक्त जर्मन शेफर्डसाठी काम करतो. सोडून दिलेली, मालकाला सांभाळता न आलेली कुत्री घ्यायची, बरी करायची आणि घर शोधायचं. पाळीव प्राण्यांच्या एका खुल्या मेळाव्यात पहिल्यांदाच स्टॉल मिळालाय. जागा ३ बाय ३ मीटर, वेळ सकाळी १० ते ४, स्वयंसेवक पाच. दोन कुत्री न्यायचा विचार आहे. एक सहा वर्षांची शांत मादी. दुसरा दीड वर्षाचा नर, आमच्याकडे येऊन १० दिवस झालेत, दिसायला फार देखणा, त्याला बघून लोक थांबतील असं वाटतं. टेबल कसं मांडायचं, कुत्र्यांना किती वेळ ठेवायचं, लोकांना नेमकं काय सांगायचं? आणि कोणी जागेवरच 'आजच घेऊन जातो' म्हणालं तर?

पट्टा_हातात:
नराला नेऊ नका. १० दिवसांत तो तुम्हालाच नीट कळलेला नाही. नवीन जागी आलेला कुत्रा सुरुवातीला गप्प असतो तो बहुतेक वेळा दबून, आणि ते दबलेपण लाउडस्पीकर, फुगे, अनोळखी कुत्री यांच्या गर्दीत सुटतं. त्यात बाहेरून आलेल्या कुत्र्याला खोकल्याचा संसर्ग असेल तर लक्षणं दिसायला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात. मेळाव्यात तो संसर्ग सगळ्या कुत्र्यांना वाटला जाईल. त्याचे मोठे फोटो लावा, तेवढं पुरे.

मादीला पूर्ण दिवस ठेवू नका. सकाळच्या थंड वेळात ४५ मिनिटं, मग गाडीपाशी किंवा शांत सावलीत तासभर विश्रांती, मग हवं तर अजून एकदा ४५ मिनिटं, आणि घरी. बंद गाडीत एकटी अजिबात नाही. जमिनीवर हाताची उलटी बाजू ७ सेकंद टेकवून बघा. टेकवत नसेल तर तिचे पंजेही भाजतील.

तिच्यासोबत एक माणूस असा हवा की ज्याच्याकडे दुसरं काहीच काम नाही. त्याने पत्रकं वाटायची नाहीत, फोन घ्यायचा नाही. बहुतेक गडबडी होतात त्या पट्टा धरणारा बोलण्यात गुंतला म्हणून.

पट्ट्याबद्दल एक गोष्ट नीट बघा. या जातीच्या मानेवर केस इतके दाट असतात की सैल पट्टाही घट्ट दिसतो. केसांच्या आत बोटं घालून कातडीपाशी तपासा, दोनच बोटं जायला हवीत. तीन-चार गेली तर कुत्रा घाबरून मागे सरला की डोकं सटकन बाहेर. म्हणून लीशला (हातात धरायच्या दोरीला) दोन हूक, एक गळ्यातल्या पट्ट्याला आणि एक हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्यांना). लीश साधी, दीड ते पावणेदोन मीटरची. बटण दाबून लांब होणारी दोरी गर्दीत नको, पायात अडकते आणि हात कापते.

टेबल पुढे आडवं लावू नका. लोक टेबलावर ओणवतात आणि मागचा कुत्रा कोंडला जातो. टेबल एका बाजूला, कुत्री दुसऱ्या बाजूला, तिची पाठ मोकळ्या जागेकडे, म्हणजे तिला मागे सरता येतं. खाली तिची रोजची सतरंजी अंथरा. कुत्रं सतरंजीवर गेलं की कोणी हात लावायचा नाही, हा नियम फलकावर लिहा.

ब्रश_आणि_बादली:
वरचं सगळं पटलं. मी बोलण्याबद्दल लिहिते, कारण पुढे कुत्रं परत येतं ते बरेचदा स्टॉलवर न सांगितलेल्या गोष्टींमुळे.

एका कुत्र्याचे आठवड्याभरात विंचरून निघालेले केस पारदर्शक बरणीत भरून टेबलावर ठेवा, दाबून न भरता. 'केस खूप गळतात' हे वाक्य लोक ऐकून सोडून देतात, बरणी हातात घेतली की सोफा डोळ्यासमोर येतो. या जातीला दुहेरी केस असतात. आतली मऊ लोकर वर्षातून साधारण दोनदा झपाट्याने झडते, एरवीही थोडी गळतच असते. उन्हाळा आहे म्हणून मुंडण करायचं नाही, हेही सांगा.

आकडे तोंडपाठ हवेत: नर साधारण ३० ते ४० किलो, मादी २२ ते ३२. लोक आजाराचं विचारत नाहीत, तुम्ही काढा. खुब्याच्या सांध्याचा दोष या जातीत बराच दिसतो. स्वादुपिंडाचा आजारही: कुत्रा अधाशासारखा खातो, तरी हाडं दिसतात, शी भरपूर, फिकट आणि सैल. निदान झालं की जन्मभर प्रत्येक जेवणात अन्न पचवणारं एन्झाइम घालावं लागतं. पोट फुगून पीळ पडणं ही तातडीची गोष्ट. पोट ताठ, उलटीचा उमाळा येतो पण काही पडत नाही, अशा वेळी सकाळची वाट न बघता ताबडतोब डॉक्टर.

'राखणीला पाहिजे' म्हणणारे हमखास येतील. त्यांना झिडकारू नका. विचारा, रात्री कुठे झोपेल? दिवसातून किती तास एकटा? अंगणात साखळीला बांधायचा बेत असेल तर सरळ सांगा की आम्ही त्यासाठी देत नाही. ही जात माणसाला चिकटून राहणारी आहे. एकटी बांधली की भुंकते, खणते, स्वतःची शेपूट चावत बसते.

जागेवर कुत्रा द्यायचा नाही, कितीही चांगलं कुटुंब असलं तरी. अर्ज भरून घ्या: घरात कोण कोण, मुलांची वयं, दुसरे प्राणी, भाड्याचं घर असेल तर मालकाची परवानगी, आधीच्या कुत्र्याचं काय झालं. मग फोन, घरभेट, आणि घरातल्या सगळ्यांची कुत्र्याशी भेट. उत्सुक माणूस आठवडा थांबतो.

आणि 'आमचा कुत्रा घेता का?' म्हणणारेही येतील, कधी कुत्र्यासकट. त्यांच्यासाठी वेगळी वही ठेवा. स्टॉलवर कुत्रा ताब्यात घेऊ नका, पण त्यांना रागावूही नका. रागावलात तर तोच कुत्रा रस्त्यावर सुटतो.

शेपटीची_गोष्ट:
खूप आभार, नर घरीच राहील. अजून एक, लहान मुलांना हात लावू द्यावा का? मुलांच्या हातून बिस्किट दिलं तर मैत्री लवकर होते ना?

पट्टा_हातात:
खाऊ मुलांच्या हातात नको. मूल घाबरून हात मागे ओढतं, कुत्रं खाऊमागे झेपावतं, आणि दात बोटाला लागतो. शिवाय शेजारून दुसरं कुत्रं गेलं तर खाऊवरून झटापट होते.

एका वेळी एकच मूल, आईबाबा शेजारी. मूल बाजूला उभं राहील, कुत्री स्वतःहून आली तरच छातीवर किंवा खांद्यावर ३ सेकंद हात फिरवायचा आणि थांबायचं. ती पुन्हा अंगाला लागली तर अजून ३ सेकंद. डोक्यावरून हात नाही, मिठी नाही, तोंडाजवळ तोंड नेऊन फोटो नाही.

पट्टा धरणाऱ्याने मादीचं तोंड बघत राहावं. मोकळं, किंचित उघडं तोंड एकदम मिटलं, जिभेचं टोक नाकावरून झर्रकन फिरलं, डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागला, की तिला बाजूला न्यायचं. गुरगुरण्याची वाट बघायची नाही. आणि गुरगुरलीच तर ओरडू नका. गुरगुरल्यावर ओरडा खाल्लेलं कुत्रं पुढच्या वेळी न सांगताच चावतं.

ओली_नाकं:
चावा किंवा ओरखडा झालाच तर काय करायचं हे स्वयंसेवकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची, म्हणून साबण आणि १० लिटरचा तोटीचा कॅन स्टॉलवरच असू द्या. जखमेवर हळद, तेल काही लावायचं नाही. मग लगेच डॉक्टर, कुत्र्याचं लसीकरण झालेलं असलं तरीही. कुत्र्याच्या रेबीज लसीच्या नोंदीची प्रत त्या माणसाला द्या आणि वेळ, जागा, काय घडलं हे लिहून ठेवा.

बाकी सामान: पाण्याचं भांडं, शीच्या पिशव्या, जुने टॉवेल, जास्तीची लीश, लसीकरण कार्ड, कुलूपबंद देणगी पेटी. फोटो जखमांचे नकोत, लोक मान वळवून पुढे जातात. प्रत्येक फोटोखाली त्या कुत्र्याला कसं घर चालेल आणि कसं चालणार नाही ते दोन ओळींत लिहा. 'मांजर नको' एवढे दोन शब्दसुद्धा चुकीचे चार अर्ज वाचवतात.

शेपटीची_गोष्ट:
उद्याच जागा बघून येते, लाउडस्पीकर कुठे लागणार तेही विचारते. बरणीसाठी आजपासून केस साठवायला घेतलेत.