ओसीआय आहे, मग मी दोन देशांची ना?

तन्वी : काका, आत्या, एक विचारू? हिंजवडीतल्या कंपनीचा फॉर्म भरतेय. 'नागरिकत्व'समोर 'अमेरिका आणि भारत' असं दोन्ही लिहू का?

सुमनआत्या : नुसतं भारत लिही गं. आडनाव आपलं, मराठी फाडफाड बोलतेस. अमेरिका दिसली की पगार परवडायचा नाही म्हणून फोनच करत नाहीत.

सुधीरकाका : सुमे, पोरीला भलतं शिकवू नकोस. तन्वी, भारत अजिबात लिहायचं नाही.

तन्वी : पण माझं ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड आहे. त्यावर सिटिझन असंच छापलंय 😐

सुधीरकाका : त्या नावानेच सगळा घोळ केलाय. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. दुसऱ्या देशाचं घेतलं की भारताचं जातं, १९५५ चा कायदा आहे. तू तर जन्मानेच तिकडची. ओसीआय म्हणजे आजन्म व्हिसा समज. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.

सुमनआत्या : अगोबाई! मग तासगावची द्राक्षबाग?

सुधीरकाका : वारशाने येऊ शकते. तू आत्ताच वाटण्या काढू नकोस.

शैलाकाकू मडगाव : आमच्या गोव्यात घरोघरी हेच. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी इथे जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचं मिळतं. तो पासपोर्ट घेतला की भारताचा जमा करायचा. काहीजण मतदारयादीतलं नाव तसंच ठेवतात, नि मग धावपळ.

तन्वी : मग नुसतं अमेरिका लिहिते.

सुधीरकाका : तेही अर्धवट. एचआरला वाटतं हिला एम्प्लॉयमेंट व्हिसा लागणार, त्याला वर्षाला किमान १६.२५ लाख पगाराची अट. फॉर्म बाजूला. ओसीआयला खासगी नोकरीसाठी तो व्हिसाच लागत नाही, म्हणून ते ठळक लिहायचं. (पत्रकारितेची नोकरी असती तर मात्र आधी परवानगी.)

सुमनआत्या : नोकरी मिळाल्यावर सांगितलं तर?

सुधीरकाका : मी नोकरीत असताना एकाने असंच केलं. फॉर्मवर 'भारतीय'. रुजू व्हायच्या दिवशी पासपोर्ट टेबलावर ठेवला. निळाच, पण वर सिंह नाहीत, गरुड! त्याचं जॉइनिंग तीन आठवडे लटकलं. शिवाय पीएफ. परदेशी पासपोर्टवाला 'आंतरराष्ट्रीय कामगार' ठरतो, पीएफसाठीची महिना १५,००० पगाराची मर्यादा लागू होत नाही, पूर्ण बेसिकवर १२ टक्के कापतात. नि ते पैसे सहसा अठ्ठावन्नाव्या वर्षीच हातात. हातात येणारा पगार ठरवताना तुलाही हे माहीत हवं.

तन्वी : बापरे. पण रकान्यात एकच देश निवडता येतोय.

सुधीरकाका : तिथे अमेरिका निवड. सीव्हीत फोन नंबरखाली एक ओळ टाक : 'अमेरिकन नागरिक, ओसीआय कार्डधारक. भारतात नोकरीसाठी वेगळा व्हिसा लागत नाही.'

सुमनआत्या : दादा, हे आधीच सांगायचंस की.

सुधीरकाका : 🙄

तन्वी : टाकली ओळ 👍 आता पुढचा रकाना आधार नंबरचा आहे. मला मिळतं का ते?

सुधीरकाका : मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहिली असशील तर मिळतं. कधी उतरलीस तू, गणपतीच्या आधी की नंतर?

तन्वी : नंतर. थांबा, मोजते.