हिशोब रात्रीवर टाकू नका
दुकान बंद करून रात्री अकराला बिलं घेऊन बसतो, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या हार्डवेअरच्या दुकानात मीही सहा वर्षं तेच केलं. पेंगत केलेल्या चुका निस्तरण्यात दुसरा दिवस जायचा. आता दुपारी दोन ते तीन गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हाच बिलं चढवतो, फोन पोऱ्याकडे देऊन. (बायको हे पहिल्या वर्षापासून सांगत होती!)

उलाढाल ५ कोटींच्या आत असेल तर जीएसटीच्या तिमाही रिटर्नबद्दल सीएला विचारा. तिमाहीतल्या पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत भरावाच लागतो, पण दरमहा ११ आणि २० तारखेपर्यंत रिटर्न भरायची धावपळ सुटते.

कंपन्यांच्या सेल्समनना रोज नको, ठरलेल्या एकाच वारी, समजा मंगळवारीच बोलवा. आधी ऐकत नाहीत लेकाचे, मग लागतं वळण.