पीएमएमए वेव्हगाइडमधले क्वांटम डॉट: कडेतून निघणारा प्रकाश १३ नॅनोमीटर तांबड्याकडे का सरकतोय?

तरंग६२५:
माझे क्वांटम डॉट (प्रकाश देणारे अतिसूक्ष्म अर्धवाहक कण): कॅडमियम सेलेनाइडचा साधारण ५ नॅनोमीटरचा गाभा, वर झिंक सल्फाइडचं कवच. टोल्यूइन या द्रावकात उत्सर्जन ६२५ नॅनोमीटरला. पीएमएमएत (पारदर्शक अ‍ॅक्रिलिक प्लास्टिक) वजनाने १ टक्का डॉट मिसळून २ मायक्रॉन ऑक्साइड असलेल्या सिलिकॉनवर स्पिन केलं (गरगर फिरवून पातळ पसरवलं), थर १.८ मायक्रॉन; हाच वेव्हगाइड, म्हणजे प्रकाश आतल्या आत वाहून नेणारा. ४५० नॅनोमीटरच्या लेझरचा ठिपका वरून, कडेपासून ५ मिलिमीटर आत. फिल्म वरून पाहिली तर शिखर ६२७ ला, कडेतून मात्र ६४० ला, आणि प्रकाश अगदीच मंद. डॉटचा आकार तोच, मग तरंगलांबी कशी बदलली? शेवटी मला एकच अरुंद रेषा हवी आहे. नुसता आकार निवडून ते जमेल का?

पातळथर:
डॉट बदललेले नाहीत, ते एकमेकांचाच प्रकाश गिळतायत. उत्सर्जनाची निळी बाजू आणि पहिलं शोषण-शिखर एकमेकांवर येतात, त्यामुळे वाटेत निळी बाजू खाल्ली जाते आणि उरतं ते तांबडं शेपूट.

१ टक्का ऐकायला कमी वाटतो, पण हिशोब करा. ५ नॅनोमीटरच्या गाभ्याचा मोलर शोषणांक पहिल्या शिखरावर सुमारे ४ लाख (प्रति मोलर प्रति सेंटीमीटर). म्हणजे १ मायक्रोमोलरला ०.४ शोषण, अर्थात दर सेंटीमीटरला ४ डेसिबल (१० डेसिबल म्हणजे प्रकाश एक दशांश उरणं). एका गाभ्याचं मोलर वजन २.३ लाखांच्या आसपास येतं, म्हणून १ टक्क्याची फिल्म जवळपास ५० मायक्रोमोलर झाली: दर सेंटीमीटरला २०० डेसिबल! कवच आणि लिगँडचं (डॉटच्या पृष्ठभागाला चिकटलेल्या रेणूंचं) वजन वजा केलं तरी १०० च्या घरात. उत्सर्जनाच्या शिखरावर शोषण याच्या काही अंशच असतं, तरी ५ मिलिमीटरमध्ये एवढी वाट लागणारच.

प्रमाण ०.०४ ते ०.०५ टक्क्यांवर आणा. थरही १.८ मायक्रॉन नको. पीएमएमएचा अपवर्तनांक १.४९, ऑक्साइडचा १.४५७ आणि वर हवा धरली तर ६२५ ला जाडीच्या दिशेने एकच मोड (प्रकाश वाहण्याचा ठरावीक नमुना) राहतो तो ०.४ ते १.४ मायक्रॉनच्या दरम्यान. १ मायक्रॉन ठेवा. ०.४ च्या जवळ गेलात तर मोड ऑक्साइडमध्ये पसरेल आणि खालचं सिलिकॉन तो ओढून घेईल.

लिगँडवाला:
शोषणाचं बरोबर आहे, पण आधी खात्री करा. ठिपका कडेपासून १, २, ३, ५ मिलिमीटरवर सरकवत स्पेक्ट्रम घ्या. कडेशी शिखर ६२७ ला असेल आणि अंतराबरोबर सरकत जाईल, तर पुनर्शोषण, म्हणजे डॉटनी एकमेकांचा प्रकाश गिळणं. कडेलगतसुद्धा ६३५ दिसलं तर डॉटचे गोळे झालेत: लहान डॉट शेजारच्या मोठ्याला ऊर्जा देऊन टाकतात. वेळेनुसार शिखर निळ्याकडे जात उजेड घटत असेल, तर हवेत ऑक्सिडेशन होतंय, आणि लेझर कमी करणं हाच पहिला उपाय.

गोळे होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे इथेनॉलने जास्त वेळा धुणं. लिगँड निघून जातात. एकदा-दोनदा पुरे. पीएमएमए टोल्यूइनमध्येच विरघळवा, डॉट शेवटी घाला, ०.२ मायक्रॉनच्या पीटीएफई फिल्टरमधून काढा. फिल्टरची चकती रंगली तर गोळे आधीच झालेले आहेत. क्लोरोफॉर्म इतक्या लवकर उडतो की फिल्मवर चाकाच्या आऱ्यांसारखे पट्टे उठतात. बेक ८० अंशांना तास-दोन तास. ई-बीमवाल्यांची (इलेक्ट्रॉन झोताने पीएमएमएवर आकृत्या काढणाऱ्यांची) १८० अंशांची सवय इथे डॉटची चमक घालवते. (कॅडमियम आहे, हातमोजे आणि कचऱ्याचा वेगळा डबा हवाच.)

तरंग६२५:
प्रमाण वीसपट कमी केलं तर पंप (४५० चा लेझर) शोषला जाईल का? १ मायक्रॉन जाडीत काय उरणार?

पातळथर:
रास्त शंका. वरून मारलेल्या ४५० च्या प्रकाशातला हजारातला एक भागही शोषला जाणार नाही. म्हणून पंप कडेतून, वेव्हगाइडच्याच दिशेने सोडा, म्हणजे त्याला सेंटीमीटरभर वाट मिळते. बाहेर ५०० चा लाँग-पास फिल्टर (५०० हून लांब तरंगलांबीच सोडणारा) लावायला विसरू नका.

याहून चांगला मार्ग म्हणजे जाड कॅडमियम सल्फाइडचं कवच असलेले डॉट. ते कवच ५१० नॅनोमीटरच्या खाली जोरात शोषतं, उत्सर्जन मात्र गाभ्यातून होतं, त्यामुळे पंप भरपूर शोषला जातो आणि पुनर्शोषण त्या मानाने फारच कमी.

कड नीट नसेल तर हे सगळं वाया. सिलिकॉनवर हिऱ्याच्या टोकाने फक्त कडेला ३-४ मिलिमीटरची खूण करा, मधल्या वेव्हगाइडवरून ओरखडा नेऊ नका, आणि एका झटक्यात मोडा. हळू वाकवलं की पीएमएमए ताणून फाटतं आणि कडेला झालर लोंबते.

जाळी_रेझोनेटर:
अरुंद रेषेबद्दल कोणी बोललं नाही. आकार निवडून फक्त पट्टा ठरतो. समूहाची रुंदी २५-३० नॅनोमीटर राहतेच, कारण प्रत्येक डॉट थोडा वेगळा आणि खोलीच्या तापमानाला एकटा डॉटही काही अरुंद नसतो. रेषा कोरायला रेझोनेटर (ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश घुमवत ठेवणारी रचना) लागतो.

सिलिकॉन नायट्राइडची २० मायक्रॉन त्रिज्येची रिंग घेतली, समूह-अपवर्तनांक (प्रकाशाच्या स्पंदाचा वेग ठरवणारा) २ धरला, तर रेषांमधलं अंतर १.५५ नॅनोमीटर. म्हणजे पट्ट्यात अठरा-एक रेषा उभ्या राहतील, एक नव्हे. एकच हवी तर ब्रॅग जाळी (एकच तरंगलांबी परतवणारी, समान अंतरावरच्या खाचांची रांग) बरी. प्रभावी अपवर्तनांक (वेव्हगाइडमधल्या मोडला जाणवणारा) १.४७५ असेल तर पहिल्या क्रमासाठी खाचांमधलं अंतर २१२ नॅनोमीटर. ते कोरणं जड जात असेल तर दुसऱ्या क्रमाची ४२४ ची जाळी, पण ती काही प्रकाश वरच्या दिशेने सोडते.

तापमानही सांभाळा. गरम झाल्यावर डॉटचं शिखर दर अंशाला सुमारे ०.१ नॅनोमीटर तांबड्याकडे जातं. पीएमएमएचा अपवर्तनांक मात्र दर अंशाला ०.०००१ च्या आसपास घटतो, म्हणून जाळीची रेषा ०.०४ नॅनोमीटर निळ्याकडे. दोन्ही उलट्या दिशेने पळतात. जाळी पट्ट्याच्या मधोमध बसवलेली असेल तर २० अंशांचा फरक पडला तरी रेषा पट्ट्याबाहेर जात नाही, कडेला बसवली असेल तर उजेड झपाट्याने घसरतो.