पोन्तिआनाक म्हणजे हडळ का?

प्रश्न : मलायाच्या (आजच्या मलेशियाचा द्वीपकल्पी भाग) स्वातंत्र्याच्या आगेमागे छापलेल्या भुताखेतांच्या मजकुराचा अनुवाद करायचा आहे. 'पोन्तिआनाक' या मलाय भुताला सरळ 'हडळ' म्हटलं तर चालेल? आणि 'मर्देका' (स्वातंत्र्य) हा शब्द तसाच ठेवायचा का?

— आधी मूळ मजकुराचं साल बघा. सेलांगोरच्या ब्रिटिश प्रशासनात नोकरी केलेल्या वॉल्टर स्कीट यांचा मलाय जादूटोण्यावरचा ग्रंथ १९०० चा. त्यात बाळंतपणात मेलेल्या बाईचं भूत म्हणजे 'लांगसुइर', आणि तिचं मेलेलं जन्मलेलं पोर म्हणजे 'पोन्तिआनाक'. लांगसुइर होऊ नये म्हणून प्रेताच्या तोंडात काचेचे मणी भरायचे, काखेत कोंबडीचं अंडं ठेवायचं, तळहातात सुया टोचायच्या. मण्यांमुळे किंकाळी फुटत नाही, अंड्यामुळे हात पंखासारखे हलवता येत नाहीत, सुयांमुळे मुठी उघडमीट करता येत नाहीत. म्हणजे उडणंच बंद. या मजकुरात पोन्तिआनाकला हडळ केलंत की पोराची बाई होईल आणि सगळा उतारा फसेल.

उलट सिंगापूरच्या कॅथे-केरिस या चित्रपटसंस्थेचा 'पोन्तिआनाक' हा सिनेमा एप्रिल १९५७ मध्ये आला, म्हणजे स्वातंत्र्याच्या चार महिने आधी. दिग्दर्शक बी. एन. राव, भारतीय. तिथे आणि पुढच्या बोलण्यात पोन्तिआनाक ही बाईच. मानेत मागून खिळा ठोकला की ती देखणी, संसारी बायको होते; खिळा उपसला की पुन्हा मूळपदावर.

— हडळ ढोबळ आहे. आपल्याकडे नेमका शब्द आहे, अळवंतीण, म्हणजे बाळंतपणात मेलेल्या बाईचं भूत. १९५७ नंतरच्या पोन्तिआनाकला तो चपखल बसतो, स्कीटच्या लांगसुइरलाही बसतो. पण लांगसुइर आणि पोन्तिआनाक हे दोन्ही शब्द एकाच मजकुरात आले तर मलाय नावंच ठेवा आणि त्यातली जी बाई असेल तिच्या पहिल्या उल्लेखाला अळवंतीण असा खुलासा जोडा. शिवाय 'पोन्तिआनाक' हे पश्चिम कालिमान्तानमधल्या (बोर्निओ बेटाचा इंडोनेशियन भाग) शहराचंही नाव आहे, १७७१ साली वसलेलं. इंडोनेशियात भुताला बहुधा 'कुन्तिलानाक' म्हणतात.

— 'मर्देका' ठेवाच, मात्र 'मेर्देका' लिहू नका, पहिला स्वर आखूड 'अ'सारखा आहे. मुळात संस्कृत 'महर्द्धिक', मोठ्या ऋद्धीचा. डचांच्या बटाव्हियात (आजचं जकार्ता) 'मार्डेकर' म्हणजे मुक्त झालेले गुलाम आणि त्यांचे वंशज. ३१ ऑगस्ट १९५७ ला क्वालालंपूरच्या स्टेडियममध्ये पहिले पंतप्रधान टुंकू अब्दुल रहमान यांनी हाच शब्द सात वेळा पुकारला. त्या घोषणेच्या जागी 'स्वातंत्र्य' लिहिलंत तर ती भाषणातली ओळ वाटते, आरोळी वाटत नाही.

त्याच काळातला 'दारुरात' मात्र अनुवादित करा : १९४८ ते १९६० ची आणीबाणी. अरबी मूळ तेच, ज्यातून आपला 'जरूर' आला. पण म्हणून 'जरुरी' लिहू नये.

— 'पनंगालन' या आणखी एका मलाय भुताच्या नावाला जपा. 'तांगाल' म्हणजे सुटून येणं. 'प' हा उपसर्ग लागताना सुरुवातीचा 'त' जाऊन 'न' येतो. हिचं मुंडकं आतड्यांसकट धडापासून सुटून उडतं. परतल्यावर फुगलेली आतडी धडात मावत नाहीत, म्हणून ती व्हिनेगरमध्ये बुडवून आकसून घेते. बाळंतिणीच्या घराच्या दाराखिडक्यांना जेरुजू या झुडपाची काटेरी पानं लावतात ती याचसाठी, लोंबती आतडी अडकावीत. इंडोनेशियन मजकुरात हाच शब्द 'दिनदर्शिका' या अर्थानेही येतो, तिथे घाबरू नका!

'हान्तू' म्हणजे भूत, त्याचेही असेच चकवे. 'बुरुंग हान्तू' म्हणजे घुबड, 'जारी हान्तू' मधलं बोट, 'पंगुंदी हान्तू' बोगस मतदार. जुने इंडोनेशियन छापील अंक चाळताना डच वळणाचं स्पेलिंग गृहीत धरा. १९४७ मध्ये इंडोनेशियाच्या प्रजासत्ताकाने 'ऊ'साठीची दोन अक्षरं (oe) काढून एकच (u) ठेवलं. त्याआधीच्या सूचीत आजच्या स्पेलिंगने शोधलंत तर हान्तूही हाती लागत नाही आणि कुन्तिलानाकही.