दाट, घन आणि जड

प्रश्न : सातवीतल्या मुलीला शिकवताना अडलो. ती म्हणते, "तेल पाण्यापेक्षा दाट असतं ना? मग आमटीवर तवंग कसा येतो? ते खाली बसायला हवं." घनता म्हणजे दाटपणा, असं मीच तिला सांगितलं होतं. चुकलं का?

उत्तर : हो, गफलत तिथेच झाली. वरण दाट की पातळ, हे आपण पळीतून ओतताना ठरवतो. म्हणजे 'दाट' वाहण्याबद्दल बोलतो. घनता मात्र ठरावीक जागेत किती वस्तुमान मावलंय ते सांगते. लिटरभर पाणी साधारण १ किलो भरतं, लिटरभर गोडेतेल ९२० ग्रॅमच्या आसपास. तेल संथ वाहतं, तरी हलकं. पाऱ्याचं उलट. तो पाण्यासारखा पळतो, त्याला कुणी दाट म्हणणार नाही. पण घनता पाण्याच्या १३.६ पट, म्हणून लोखंडी खिळाही त्यावर तरंगतो. मध दाटही आहे आणि घनही, त्यामुळे मुलांना शिकवताना मी मधाचं उदाहरण टाळते.

आपल्या बोलण्यात हे शब्द एकमेकांत मिसळलेत खरे. 'घनदाट अरण्य' म्हणताना दोन्ही एकाच अर्थाने येतात. त्यात 'घनमीटर'मधला घन आणखी निराळा.

पुरवणी : दूध घालणाऱ्यांना हा फरक रोज दिसतो. संकलन केंद्रावर 'डिग्री' बघतात, म्हणजे लॅक्टोमीटर दुधात किती बुडतो ते. २८ डिग्री म्हणजे दूध पाण्याच्या १.०२८ पट घन. साय काढली की दूध पातळ लागतं, पण डिग्री चढते! कारण स्निग्धांश पाण्यापेक्षा हलका. मग बेताने पाणी ओतलं की डिग्री पुन्हा जागेवर येते. म्हणूनच फॅट वेगळी मोजावी लागते.

प्रश्न : मग 'जड असतं ते बुडतं' हे तरी बरोबर का?

उत्तर : तेही अपुरं. सागाचा सुका ओंडका खिळ्यापेक्षा कितीतरी जड, तरी तरंगतो. पूर्ण बुडालेली वस्तू स्वतःच्या आकारमानाइतकं पाणी बाजूला सारते. त्या पाण्याच्या वजनाइतकं प्लावक बल तिला वर ढकलतं. वस्तूचं वजन त्याहून जास्त असेल तर ती तळाला जाते.

आणि 'गुरुत्वाकर्षण'मधला 'गुरू' म्हणजे जडच, हे मुलीला जरूर सांगा. तरंगण्यालाही ते लागतंच. अंतराळस्थानकात वजन जाणवत नाही, तिथे तेलाची आणि पाण्याची घनता आहे तेवढीच राहते, पण तेल वर येऊन तवंग धरत नाही.