पेस्टच्या आधी जाळी बघा
लॅपटॉप तापून अचानक बंद पडत असेल तर थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप, बदलली की ते थांबेल, असा सल्ला दिला जातो. पेस्ट वाळते हे खरं, पण आधी पंखा आणि हीटसिंकची (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाची) जाळी यांच्यामधली जागा बघा. माझा लॅपटॉप व्हिडिओ कॉल सुरू केला की दहा मिनिटांत बंद व्हायचा. मागचं झाकण काढून पंखा सोडवला, तर जाळीच्या तोंडाशी करड्या धुळीचा थर. चिमट्याने अख्खा उचलला, गोधडीच्या तुकड्यासारखा. साफ करताना पाती बोटाने धरून ठेवा, हवेच्या झोताने गरगर फिरली तर पंखा खराब होऊ शकतो.

मात्र उघडण्याआधी तापमान मोजाच. प्रोसेसर साधारण १०० अंशांजवळ आधी वेग कमी करतो, मग बंद पडतो. ६०लाच बंद पडत असेल तर बॅटरी, चार्जर तपासा.