मदत हवी आहे: मिथेनॉलच्या प्रयोगात कार्बनचा हिशोब जुळत नाही

नमस्कार. मी कोपरखैरण्याची, पीएचडीचं तिसरं वर्ष. कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजनपासून मिथेनॉल करणाऱ्या उत्प्रेरकावर काम करते. तांबं, झिंक ऑक्साइड, अ‍ॅल्युमिना. १९६६ पासून कारखान्यांत मिथेनॉल याच घराण्यातल्या उत्प्रेरकावर होतं, पण तिथे मुख्य खाद्य कार्बन मोनॉक्साइड-हायड्रोजनचं मिश्रण. मी नुसता कार्बन डायऑक्साइड देते.

दाब २० बार. हायड्रोजन तीन भाग, कार्बन डायऑक्साइड एक भाग, शिवाय इंटर्नल स्टँडर्ड म्हणून (बाकीचे वायू ज्याच्या तुलनेत मोजायचे तो, स्वतः न बदलणारा वायू) १० टक्के नायट्रोजन. २४० अंशांना कार्बन डायऑक्साइड ११ टक्के खर्च होतो. त्या ११ पैकी ६ कार्बन मोनॉक्साइडमध्ये सापडतात, २ मिथेनॉलमध्ये. उरलेले ३ कुठे जातात? मिथेन तर दिसतही नाही.

२८० अंशांना हिशोब जवळपास जुळतो, २२० ला सगळ्यात वाईट. आणि जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ, मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) मधूनच एखाद्या इंजेक्शनला, म्हणजे नमुन्याला, मिथेनॉलचा पीक (आलेखातला उंचवटा) दुप्पट येतो, पुढच्याला परत खाली.

सरांना वाटतंय उत्प्रेरकावर कोक, म्हणजे कार्बनचा थर, बसतोय. पुढच्या महिन्यात सादरीकरण आहे. माझ्या बाबांनी ठाणे-बेलापूर पट्ट्यात आयुष्यभर बॉयलर चालवला. धुरांड्यातून जातं त्यातलं थोडं तरी परत इंधन व्हावं म्हणून हा विषय मी मागून घेतला. चुकीचा आकडा पुढे न्यायचा नाहीये.

रबाळेकर:
तांब्यावर, तेही इतक्या हायड्रोजनमध्ये, कोक फारसा बसत नाही. बसलाच तर जास्त तापमानाला जास्त बसायला हवा. तुमचं उलटं आहे. जिथे मिथेनॉल जास्त, तिथेच तूट जास्त. मला लाइनवर संशय आहे. जीसीपर्यंतची नळी गरम ठेवता का?

मी:
हो, बॅक प्रेशर रेग्युलेटरपासून (रिअ‍ॅक्टरमधला दाब टिकवून धरणारा व्हॉल्व्ह, त्याच्या पुढे दाब उतरतो) जीसीपर्यंत हीटिंग टेप आहे, १२० अंश. मिथेनॉल ६५ अंशांना उकळतं, मग पुरे ना?

रबाळेकर:
रेग्युलेटरच्या पुढे आहे. आणि मागे, रिअ‍ॅक्टरपासून तिथपर्यंत? तो तुकडा २० बारवर आहे. आता पाण्याचा हिशोब करा. मिथेनॉल होवो की मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइडच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचा एक रेणू तयार होतो. तुमच्या आकड्यांवरून बाहेर पडणाऱ्या वायूत पाणी अडीच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे २० बारला अर्धा बार. २५ अंशांना पाण्याची वाफ जेमतेम ०.०३ बारपर्यंतच वायूत राहू शकते. बाकीचं नळीतच पाणी होऊन साचणार. मिथेनॉल पाण्यात कितीही विरघळतं, ते त्याच्याबरोबर अडकणार. साचलेलं पाणी मधूनच पुढे ढकललं गेलं की तुमचा दुप्पट पीक. मोनॉक्साइड पाण्यात विरघळत नाही म्हणावं इतकं कमी, म्हणून २८० ला, जिथे बहुतेक मोनॉक्साइडच होतो, हिशोब जुळतो.

मृण्मयी_कळवा:
पटलं. आणखी एक. रेग्युलेटरचं सील किती तापमान सोसतं ते आधी बघा, मगच गरम करा. लाइन उघडण्याआधी दाब पूर्ण उतरवून नायट्रोजन फिरवा, हायड्रोजन आहे. थेंब निघाले तर वास घेऊ नका.

मी (पाच दिवसांनी):
काल रात्री जेवताना बाबांना लाइनची आकृती काढून दाखवली. बोट थेट रिअ‍ॅक्टरखालच्या वळणावर ठेवलं. "इथे कंडेन्सेट साचणार. ट्रॅप (साचलेलं पाणी काढणारा व्हॉल्व्ह) नाही, लॅगिंग (नळीवरचं उष्णतारोधक आवरण) नाही?" स्टीम लाइनवर आयुष्य काढलेल्या माणसाला ते दिसलं, मला तीन महिने दिसलं नाही.

आज नायट्रोजन फिरवून ते वळण उघडलं. दीड मिलीच्या आसपास पाणी निघालं, जीसीवर त्यात मिथेनॉल भरपूर. सील बघून सगळी लाइन १३० अंशांवर घेतली, २४० ला तीनदा चालवलं. खर्च झालेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी ९७, ९८, ९७ टक्क्यांचा हिशोब लागला; आधी ११ पैकी ८ चाच लागत होता. दुप्पट पीक एकदाही नाही.

सरांना वही दाखवली. २८० अंशांची जुनी मापनं तपासून ठेवायची, त्याखालची सगळी परत करायची असं ठरलंय. उद्यापासून २२० ने सुरुवात. रबाळेकर, मृण्मयीताई, मनापासून आभार.